वायूच्या आधी पाणी

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे सांगावं लागत नाही. अकोट-तेल्हाऱ्याच्या शिवारात जमिनीतलं पाणी पिण्याजोगं नाही, म्हणून वान धरणाचं गोडं पाणी 84 खेडी योजनेनं गावोगाव न्यावं लागलं. खोल समुद्रातल्या वायुवाहिनीचं काम या अनुभवाच्या फार जवळचं आहे.

18 डिसेंबर 2020 रोजी काकीनाड्याच्या किनाऱ्यापलीकडच्या समुद्रात, आधीपासून उभ्या असलेल्या नियंत्रण-प्लॅटफॉर्मपासून सुमारे 60 किलोमीटरवर, आर-क्लस्टर या वायुक्षेत्रातून वायू सुरू झाल्याचं जाहीर झालं. तिथं समुद्र 2000 मीटरहून खोल. मुंबई हायला, जिथं 1976 च्या मे महिन्यात तेल सुरू झालं, ही खोली 75 मीटरच्या आसपास. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे आर-क्लस्टरच्या तळाशी तो 200 वातावरणांहून जास्त. वायू सुरू झाल्याची बातमी होते. त्याआधी अशा वाहिन्यांवर जी चिकाटीची तयारी चालते, तिची बातमी होत नाही, आणि खरं मोल तिचंच आहे.

टाकलेली वाहिनी आधी पाण्यानं भरतात. पाणी समुद्राचंच, पण गाळलेलं. त्यात प्राणवायू शोषणारं रसायन घालतात, गळती दिसावी म्हणून चमकता रंग घालतात आणि जंतुनाशकही घालतात, कारण सल्फेटवर जगणारे काही जिवाणू प्राणवायूविनाही वाढतात आणि पोलाद पोखरतात. पाण्याच्या जोरावर आतून ‘पिग’ पुढं सरकतो. पाईपात घट्ट बसणाऱ्या या साधनावर ॲल्युमिनियमची चकती असते, पाईपाच्या आतल्या व्यासाच्या साधारण 95 टक्के. ती वाकून बाहेर आली, तर वाहिनी कुठंतरी चेपलेली आहे.

मग हायड्रोटेस्ट. नेहमीच्या दाबाहून जास्त दाब देऊन वाहिनी बहुधा 24 तास तशीच ठेवतात. दाब उतरला म्हणजे गळतीच, असं नाही. पाणी निवत असलं तरी तो उतरतो. म्हणून पाणी समुद्रतळाइतकं थंड होईपर्यंत आधी थांबावं लागतं. जमिनीवरही हाच नियम. अकोल्याच्या मे महिन्यात उघडा पाईप दुपारी तापतो, पहाटे निवतो, तेव्हा तापमानाच्या नोंदीवाचून दाबाचा आकडा निरर्थक. इथं घाई करणारा माणूस धोकादायक, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणी झाली की तेच पाणी नकोसं होतं. तळाशी तापमान जेमतेम तीन-चार अंश. तेवढ्या थंडीत आणि दाबात पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा करतात आणि बर्फासारखा घट्ट हायड्रेट तयार होतो. तो वाहिनी बंद करू शकतो. शिवाय वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल बनून पोलाद खातो. म्हणून कॉम्प्रेसरनं कोरडी हवा किंवा नायट्रोजन देऊन पिगांची रांग ढकलतात. पिगांच्या मधल्या जागेत आधी मीठ धुणारं गोडं पाणी आणि मागं उरलेला ओलावा शोषणारं ग्लायकोल. खोलवरच्या वाहिनीत बाहेरच्या समुद्राला मागं सारण्याइतका दाब द्यावा लागतो, त्यामुळे कॉम्प्रेसरांचा ताफाच जहाजावर उभा करतात.

शेवटी वाहिनीत नायट्रोजन भरून ठेवतात, म्हणजे हवा आणि ज्वालाग्राही वायू यांची गाठ पडत नाही. त्याच्यामागून वायू हळूहळू सोडतात आणि किनाऱ्यावर नमुने तपासत राहतात. नायट्रोजनचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आलं, की मगच वायू ग्राहकांकडं वळवतात.