सत्तावीस कोटी कशाचे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या आयपीएल लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं. आयपीएलमधली ती तोवरची सर्वांत मोठी बोली. अशा प्रत्येक लिलावानंतर एक प्रश्न हमखास येतो: एका खेळाडूला एवढे पैसे, मग नर्सला, शिक्षकाला किती? प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. ही रक्कम ठरते कशी, आणि ती न्याय्य आहे का?

आधी पहिला. पंतवर लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली होती. तेवढेच पैसे देऊन त्याला परत घ्यायचा हक्क त्याच्या जुन्या संघाने, दिल्लीने वापरला. नियमाप्रमाणे लखनौला बोली वाढवायची शेवटची एक संधी होती. त्यांनी थेट २७ कोटी सांगितले आणि दिल्लीने माघार घेतली. काही क्षणांत सव्वासहा कोटी वाढले! तेवढ्या वेळात पंतचा खेळ काही सुधारला नव्हता. गिऱ्हाइकं दोन होती आणि पंत एकच, एवढंच.

हे पैसे येतात कुठून? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. २०२५ च्या हंगामात खेळाडू घ्यायला प्रत्येक संघाला मर्यादा होती १२० कोटींची. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा हा साधारण आठवा हिस्सा. सामन्यामागचं मानधन वेगळं, पण ते धरूनही चित्र फारसं बदलत नाही. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो. तेव्हा खेळाडू लुटतात असं म्हणणं बरोबर नाही. पंतने २७ कोटी नाकारले असते, तरी ते नर्सच्या पगारात गेले नसते.

आता सांगलीची स्मृती मानधना घ्या. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली तिच्यावर लागली, ३ कोटी ४० लाखांची. तिची मेहनत कमी म्हणून हा आकडा लहान आहे का? नाही. डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले होते, आयपीएलच्या सुमारे पन्नासावा भाग. पगार मेहनत मोजत नाही, तो प्रेक्षक मोजतो. आणि प्रेक्षक म्हणजे आपणच.

राहिला न्यायाचा प्रश्न. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला तो सारखीच मजुरी देतो. मला त्यातून एवढं कळतं की उशिरा काम मिळालेल्याच्या घरीही चूल पेटायची असते. बाजार हे बघत नाही. रणजीत नवख्या खेळाडूला दिवसाला ४० हजार मिळतात. ऐकायला बरं वाटतं, पण सामने वर्षात मोजकेच, आणि गुडघा दुखावून संघातली जागा गेली की मिळकतही गेली.

म्हणून माझं उत्तर असं: पंतचे २७ कोटी ही चोरी नाही, पण ते त्याच्या लायकीचं प्रमाणपत्रही नाही. ती किंमत आहे. न्याय बघायचा तर सगळ्यात वरच्या पगाराकडे बघून चालणार नाही. त्याच खेळात सगळ्यात खाली असलेल्याचं घर चालतं का, ते बघावं लागेल.