जुन्या जिनाची निगा

श्रोतेहो, कामगार संघटनेचा माणूस घोड्याच्या जिनाविषयी काय सांगणार, अशी शंका आपणांस आली असेल. परंतु माथेरानच्या घोडेवाल्याचे जीन हे कामगाराचे हत्यारच आहे. तंग तुटला की स्वार पडतो आणि घोडेवाल्याची रोजीही बुडते.

प्रथम चामडे म्हणजे काय ते पाहू. कच्चे कातडे कुजते. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतील तुरट द्रव्य तंतूंत मुरले म्हणजे ते टिकते. हे दुर्गंधीचे, कष्टाचे काम ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. गावाने चामडे वापरले आणि कमावणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. कमावल्यावर चामड्यात तेल-चरबी जिरवतात. तिच्यामुळे तंतू एकमेकांवर सरकतात. ऊन, घाम, पाऊस यांनी ती कमी झाली की चामडे ताठरते व भेगाळते.

म्हणून आधी धूळ झाडावी. मग ओलसर फडक्यावर थोडा ग्लिसरीनचा साबण घेऊन घाम पुसावा. धुण्याचा सोडा वापरू नये. त्यातील क्षार चामड्याला बाधतो. भिजलेले जीन सावलीतच वाळवावे. लहानपणी टांग्याचा ओला पट्टा आम्ही चुलीशेजारी टाकला होता; सकाळी तो आखडून लाकडासारखा झाला.

किंचित ओल असतानाच नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांचे तेल, पातळ लावावे व उरलेले पुसून घ्यावे. फार तेलाने वादी सैल पडते, टाके कुजतात. जवसाचे तेल टाळावे. ते वाळून कडक होते. पावसाळ्यात जीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, बुरशी येते. वारा लागेल अशा जागी, गोल पाठीच्या घोडीवर ठेवावे.

फार जुन्या जिनातून तांबूस भुकटी गळू लागली, तर तंतूच तुटलेले असतात. हा रोग तेलाने बरा होत नाही, आणि पाण्याने चामडे काळे व ठिसूळ होते. असे जीन जपून ठेवावे. त्यावर कोणाला बसवू नये.

तंग आणि रिकिबीची वादी दर आठवड्याला वाकवून पाहावी. भेग दिसली, टाका उसवला, की ती बदलावी. घोड्याचा मालक निराळा असेल, तर नव्या वादीचे पैसे त्याने द्यावेत. ते घोडेवाल्याच्या मजुरीतून कापू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.