परसातला कलकलाट काय सांगतो?

पाली (जि. बीड) : बीड शहराच्या दक्षिणेस, बिंदुसरा प्रकल्पालगत वसलेल्या पालीसारख्या गावांत अंगणातील पाच-दहा कोंबड्या हा घरखर्चाचा छोटा आधार असतो. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. शहरांतही बंगल्याच्या परसात किंवा गच्चीवर हौसेने कोंबड्या पाळणारी कुटुंबे आहेत. या कोंबड्या एकाएकी वेगळ्या आवाजात ओरडू लागल्या की पहिला विचार येतो तो त्या विकण्याचा किंवा कापण्याचा. शेजाऱ्यांची तक्रार, अपशकुनाची शंका, रोगाची भीती अशी कारणे निरनिराळी, परिणाम एकच. प्रत्यक्षात बहुतेक आवाजांचे कारण साधे असते आणि उपायही घरचाच असतो. ज्या आवाजाची खरोखर धास्ती घ्यावी, तो मात्र इतका हलका असतो की दिवसाच्या गडबडीत ऐकूही येत नाही.

अंड्याची वर्दी

सर्वांत परिचित कलकलाट अंडे घालण्याच्या वेळचा. अंडे तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंडे घालण्याची वेळ दररोज थोडी पुढे सरकते आणि कालपर्यंत सकाळी होणारा गोंगाट आज दुपारी ऐकू येतो. पहिल्यांदाच अंड्यावर आलेली तलंग तर अधिकच बेचैन असते. अंडे घातल्यानंतर कोंबडी का ओरडते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कळपाशी पुन्हा संपर्क साधण्यासाठी, असे काही मानतात. शत्रूचे लक्ष घरट्यावरून दूर नेण्यासाठी, असे इतरांचे मत आहे.

अंड्यापूर्वीची लांबलचक, कण्हल्यासारखी ओरड मात्र अनेकदा जागेच्या अडचणीमुळे असते. चार-पाच कोंबड्यांमागे गवत वा भुसा घातलेले एक खोके अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवल्यास भांडणे थांबतात व आवाजही कमी होतो. पाणी संपणे, दाण्याची वेळ चुकणे, उन्हाळ्यात खुराड्यावर सावली नसणे हीदेखील ओरडण्याची नित्याची कारणे आहेत. मराठवाड्याच्या कडक उन्हात चोच उघडून धापा टाकणारी कोंबडी सावली आणि थंड पाणी मिळताच सावरते.

घार की मुंगूस?

कोंबडीच्या हाका अर्थहीन नसतात. पीटर मार्लर व ख्रिस्तोफर इव्हान्स या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवून दिले की, आकाशातील शिकारी पक्षी आणि जमिनीवरील शत्रू यांच्यासाठी कोंबड्यांचे इशारे वेगवेगळे असतात. घार वा शिक्रा दिसल्यास बारीक, लांबट चीत्कार होतो आणि बाकीच्या कोंबड्या अंग चोरून बसतात. मुंगूस, रानमांजर, कुत्रा वा साप दिसल्यास तुटक, मोठा कलकलाट सुरू राहतो व माना ताठ होतात. हा कलकलाट रात्री झाला तर खुराड्याची जाळी, कडी आणि जमिनीलगतची फट तपासणे आवश्यक होय. शत्रू दिसत नसेल, पण कोंबड्या संध्याकाळी आत जाण्यास कुरकुर करत असतील, तर फळ्यांच्या सांध्यांत पाहावे. दिवसा तेथे दडून रात्री रक्त पिणारे लाल किडे या बेचैनीमागे असू शकतात.

खुडूक आणि आरवणारी कोंबडी

पिसे फुलवून, हात लावताच गुरगुरणारी कोंबडी खुडूक झालेली असते. तिला अंडी उबवायची असतात. खाली अंडी ठेवल्यास २१ दिवसांत पिले मिळतात. पिले नको असल्यास तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे. पाण्यात बुचकळण्याचा जुना प्रकार क्रूर आणि अनावश्यक आहे.

सर्वाधिक बळी जातो तो आरवणाऱ्या कोंबडीचा. कोंबडी कोंबड्यासारखी आरवणे अशुभ, ही समजूत अनेक ठिकाणी आढळते. युरोपही त्याला अपवाद नव्हता. १४७४ मध्ये बाझेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळण्यात आले होते. शास्त्रीय कारण सरळ आहे. कोंबडीचे केवळ डावे अंडाशय कार्यरत असते. वयामुळे वा रोगामुळे ते निकामी झाले, तर शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो, तुरा वाढतो आणि ती आरवू लागते. कळपात कोंबडा नसल्यास वरचढ कोंबडीही कधी कधी आरवते. अंडी थांबण्यापलीकडे घरावर त्याचा कोणताही परिणाम होत नाही.

कोंबड्याचे आरवणे मात्र थांबवता येत नाही. त्याचे घड्याळ शरीरातच असते आणि उजेड नसतानाही तो पहाटेच्या वेळी आरवतो, असे जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण सर्वपरिचित आहे. झाकलेला कोंबडाही पहाट विसरत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसल्याने दाट वस्तीत फक्त कोंबड्या पाळणे हाच शेजारधर्म होय.

रात्रीची घरघर

खरा धोक्याचा आवाज श्वासाचा. कोंबड्या झोपल्यावर, सारे शांत असताना खुराड्याजवळ दोन मिनिटे कान द्यावा. घरघर, शिंका, खोकला वा चोच उघडून श्वास ओढण्याचा आवाज आल्यास तो श्वसनविकार असू शकतो. सोबत हिरवट हगवण, मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे ही लक्षणे दिसली, तर राणीखेत रोगाचा संशय घ्यावा. भारतात १९२० च्या दशकात कुमाऊंमधील राणीखेत येथे आढळल्याने त्याला हे नाव पडले. त्यावर औषध नाही, लस आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी लस देण्याची पद्धत आहे.

अशा वेळी घाईने कोंबड्या आठवडी बाजारात नेणे ही सर्वांत घातक चूक ठरते. एका अंगणातला रोग त्यामुळे दहा गावांत पोहोचतो. बर्ड फ्लूचा अनुभव महाराष्ट्राने २००६ मध्ये नवापूरला घेतला. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा आला. म्हणूनच आजारी कोंबडी त्वरित वेगळी करावी, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, तो ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवावे.

कोंबडी ओरडू लागल्यास आधी वेळ पाहावी, मग खोके, पाणी, सावली आणि जाळी तपासावी. त्यानंतर रात्री तिचा श्वास ऐकावा. एवढे केल्यास पुष्कळ कोंबड्या विनाकारण कापल्या जाणार नाहीत आणि रोगट कोंबडी बाजारात पोहोचण्यापूर्वीच अंगणात अडवता येईल.