अतलांते: मालक बदलले, गावं बदलली, क्लब उरला

‘मी अतलांतेचाच, मग ते जिंकले तरी!’ मेक्सिको सिटीतल्या जुन्या फुटबॉलवेड्यांच्या तोंडी हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. जिंकणं ज्यांच्या वाट्याला क्वचितच आलं, अशा संघावर जीव लावून बसलेल्यांचं हे वाक्य. क्लब अमेरिका किंवा ग्वादालाहारा यांच्यासारखी कपाटभर चषकांची श्रीमंती अतलांतेकडे कधीच नव्हती. तीन वेळा पहिली श्रेणी गमावलेला हा क्लब एव्हाना विस्मरणात गेला असेल, असं कुणीही म्हणेल. पण मेक्सिकोत आजही ‘जनतेचा संघ’ म्हटलं की नाव येतं ते अतलांतेचंच.

क्लबचा जन्म १९१६चा. तेव्हा मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री चालू होती. राजधानीत फुटबॉल हा परदेशी मंडळींचा खेळ होता. इंग्रजांचा रिफॉर्मा, स्पॅनिश व्यापाऱ्यांचा रिआल क्लब एस्पान्या, जर्मनांचा गेर्मानिया असे वसाहतीनिहाय क्लब होते. त्यांची स्वतःची मैदानं होती, क्लबघरं होती, धुतलेले गणवेश होते. त्रिनिदाद आणि रेफुहिओ मार्तीनेस या भावांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी आजूबाजूची गरीब घरातली पोरं जमवली आणि मोकळ्या प्लॉटवर खेळायला सुरुवात केली.

संघाला नाव सुचेना, म्हणून नावं बदलत गेली. आधी ‘सिनालोआ’. मग जर्मन पाणबुडीनं १९१५मध्ये बुडवलेल्या जहाजावरून ‘लुसितानिया’. पुढे ‘यू-५३’ या जर्मन पाणबुडीचंच नाव घेतलं. ही पाणबुडी १९१६च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या किनाऱ्याला येऊन गेली होती आणि वर्तमानपत्रांत तिची मोठी चर्चा झाली होती. शेवटी ज्या महासागरात हे सगळं घडत होतं, त्या अटलांटिकच्या आठवणीतून ‘अतलांते’ हे नाव पक्कं झालं. समुद्रापासून लांब, सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या शहरातली ही पोरं पेपरातल्या युद्धाच्या बातम्यांवर संघाचं बारसं करत होती.

गोऱ्या क्लबांच्या पाठीराख्यांनी या संघाला ‘लोस प्रिएतितोस’, म्हणजे काळीसावळी पोरं, असं नाव ठेवलं. हिणवण्यासाठी ठेवलेलं नाव अतलांतेच्या लोकांनी अभिमानानं मिरवलं. राजधानीच्या मुख्य लीगमध्ये शिरायला मात्र त्यांना दशकभर थांबावं लागलं. विसाच्या दशकाच्या अखेरीस ती दारं उघडली आणि पाहता पाहता हा संघ देशाच्या फुटबॉलचा कणा झाला.

१३ जुलै १९३० रोजी माँटेव्हिडिओत पहिल्या विश्वचषकातला एक सामना फ्रान्स आणि मेक्सिको यांच्यात झाला. फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँनं विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल याच सामन्यात केला. मेक्सिको ४-१ असा हरला. पण मेक्सिकोचा तो एकमेव गोल, म्हणजे त्या देशाचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल, अतलांतेच्या हुआन कार्रेन्योचा होता. सहा दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध मेक्सिकोनं तीन गोल केले. त्यातले दोन अतलांतेच्याच मानुएल रोसासचे. त्याचं वय तेव्हा अवघं १८ होतं. मोकळ्या प्लॉटवर सुरू झालेल्या संघानं चौदा वर्षांत देशाला गोल करणारी माणसं दिली होती. १९३१-३२मध्ये अतलांतेनं राजधानीची लीग पहिल्यांदा जिंकली आणि १९४०-४१मध्ये पुन्हा.

पुढचं नाव ओरासिओ कासारीन. तो मूळचा नेकाक्साचा. मार्च १९३९मध्ये आस्तुरियास संघाच्या खेळाडूंनी त्याला जखमी केलं, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी आस्तुरियासचं लाकडी स्टेडियम पेटवून दिलं होतं, इतकी त्याची लोकप्रियता. चाळिशीच्या दशकात, जनरल होसे मानुएल नुन्येस क्लबचे कर्तेधर्ते असताना, कासारीन अतलांतेत आला. देखणा, चपळ आणि गोलसमोर थंड डोक्याचा हा आघाडीपटू १९४४मध्ये ‘लोस इहोस दे दोन बेनान्सिओ’ या चित्रपटातही झळकला. १९४३मध्ये मेक्सिकोत व्यावसायिक लीग सुरू झाली आणि १९४६-४७चं तिचं विजेतेपद अतलांतेनं मिळवलं. पुढचं विजेतेपद यायला मात्र शेहेचाळीस वर्षं लागणार होती.

त्या काळात बांधलेलं स्यूदाद दे लोस देपोर्तेसचं स्टेडियम अतलांतेच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं. शेजारी प्लाझा मेक्सिको हे बैलझुंजीचं भलंमोठं रिंगण. दोन्ही वास्तू १९४६मध्ये उघडल्या, आणि दोन्ही जमिनीत खोल उतरलेल्या. रस्त्यावरून पाहिलं तर स्टेडियम बसकं वाटतं. आत शिरल्यावर कळतं की मैदान पायाखाली, खूप खाली आहे. प्रेक्षक रस्त्याच्या पातळीवर आत येतो आणि आपल्या जागेसाठी पायऱ्या उतरत जातो. गोंगाट वर न जाता त्या खोलगट भांड्यातच घुमत राहतो. १९६६मध्ये आस्तेका स्टेडियम उघडल्यावर अतलांते तिकडे गेला. तिथे गर्दी कितीही झाली तरी अतलांतेच्या सामन्याला बहुतेक खुर्च्या रिकाम्याच दिसत. एक लाखाच्या आसपास प्रेक्षकांसाठी बांधलेली वास्तू गरिबांच्या संघाला अंगापेक्षा मोठी झाली.

इथून पुढे क्लबच्या इतिहासात खेळाडूंइतकेच मालक येतात. १९७६मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि वर्षभरात वर आला. १९७८मध्ये त्याला चक्क मेक्सिकोच्या सामाजिक सुरक्षा संस्थेनं विकत घेतलं. ही संस्था म्हणजे कामगारांचे दवाखाने आणि पेन्शन सांभाळणारी, आपल्याकडच्या ईएसआयसीसारखी सरकारी यंत्रणा. सरकारी पैशातून ब्राझीलचा काबिन्यो आला आणि त्यानं लागोपाठ तीन हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. १९८२चं विजेतेपद मात्र तिग्रेसविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हुकलं. पुढच्या वर्षी कॉन्काकॅफ चॅम्पियन्स कप जिंकून त्याची थोडी भरपाई झाली.

सरकारनं हात आखडता घेतल्यावर क्लबची फरफट सुरू झाली. १९८९-९०चा हंगाम राजधानी सोडून केरेतारोत खेळला आणि त्याच हंगामात संघ पुन्हा खाली गेला. या वेळीही वर्षभरात परतला. मग आला रिकार्दो ला वोल्पे. १९७८च्या विश्वविजेत्या अर्जेंटिनाचा हा राखीव गोलरक्षक पूर्वी अतलांतेकडूनही खेळलेला. प्रशिक्षक म्हणून त्यानं १९९२-९३च्या अंतिम फेरीत मोन्तेर्रेला दोन सामन्यांत मिळून ४-० असं हरवलं. गोलजाळ्यात फेलिक्स फेर्नांदेस होता आणि बचावफळीत मिगेल एर्रेरा. हाच एर्रेरा पुढे २०१४च्या विश्वचषकात मेक्सिकोचा प्रशिक्षक झाला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या श्रेणीत असलेला संघ देशाचा विजेता झाला, हे विसरू नये. मैदानावरची वाट उघडी असली की काय होऊ शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

नव्वदच्या दशकात क्लब उद्योगपती आलेहांद्रो बुरीयो यांच्याकडे आला. नव्या शतकाच्या सुरुवातीला काही काळ संघ नेसावालकोयोत्ल या राजधानीला खेटून वाढलेल्या कामगारवस्तीच्या शहरात खेळला. २००७मध्ये बुरीयोंनी तो थेट कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कानकूनला नेला. राजधानीत तिकिटं विकली जात नाहीत, हे कारण. कानकूनमध्ये त्याच वर्षी नवं स्टेडियम उभं राहिलं. मेक्सिकोत वर्षाला दोन स्पर्धा होतात, आपेर्तुरा आणि क्लाउसुरा. होसे ग्वादालुपे क्रुस यांच्या संघानं २००७ची आपेर्तुरा, म्हणजे नव्या गावातली पहिलीच स्पर्धा, पूमासला हरवून जिंकली. फेदेरिको विलार गोलमध्ये आणि व्हेनेझुएलाचा जियानकार्लो माल्दोनादो आघाडीवर.

२००९मध्ये क्रुस आसुलला हरवून अतलांतेनं कॉन्काकॅफ चॅम्पियन्स लीग जिंकली आणि अबुधाबीतल्या क्लब विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. तिथे उपांत्य फेरीत समोर होता पेप ग्वार्दिओलाचा बार्सिलोना. पाचव्याच मिनिटाला गियेर्मो रोहासनं गोल केला आणि त्या वर्षी सगळं जिंकत सुटलेला बार्सिलोना पिछाडीवर पडला. बुस्केत्सनं बरोबरी साधली. मेस्सी राखीव खेळाडू म्हणून आत आला आणि लगेच गोल करून गेला. पेद्रोनं तिसरा गोल केला. सामना ३-१ असा गेला. पण अर्धा तास अतलांते पुढे होता, ही गोष्ट त्या संघाच्या लोकांकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

पाच वर्षांनी, २०१४मध्ये, अतलांते पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. मेक्सिकोत घसरण एका हंगामाच्या गुणांवर ठरत नसे. मागच्या तीन वर्षांच्या गुणांची सरासरी काढली जाई, त्यामुळे एक चांगला हंगाम जुनं पाप धुऊन काढू शकत नसे. वर येण्याची वाटही अरुंद होत गेली. स्टेडियमची क्षमता, आर्थिक ताळेबंद यांचं प्रमाणपत्र नसेल तर विजेतेपदाला किंमत उरली नाही. २०१८मध्ये तापाचुलाच्या काफेतालेरोस संघानं बढतीचा अंतिम सामना जिंकला, तरी प्रमाणपत्राअभावी त्याला वर जाता आलं नाही.

एप्रिल २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत महासंघानं बढती आणि घसरण दोन्ही थांबवली. दुसऱ्या श्रेणीचे क्लब आर्थिकदृष्ट्या डबघाईला आले आहेत, त्यांना सावरू द्यावं, हे कारण दिलं गेलं. पहिल्या श्रेणीत तळाला राहणारे क्लब त्यानंतर खाली जाण्याऐवजी दंड भरू लागले. दुसऱ्या श्रेणीचं नाव बदलून ‘लीगा दे एक्सपान्सियोन’ झालं. त्याच वर्षी मोरेलियाचा पहिल्या श्रेणीतला परवाना मासात्लानला हलवण्यात आला. म्हणजे जागा विकता येते, हलवता येते, फक्त मैदानावर जिंकून मिळवता येत नाही.

नेमक्या याच वेळी अतलांते घरी आला. २०२०मध्ये कानकून सोडून क्लब राजधानीत, स्यूदाद दे लोस देपोर्तेसच्या त्या खोलगट मैदानावर परतला. २०२१ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन वर्षी त्यानं दुसऱ्या श्रेणीची आपेर्तुरा जिंकली. जुन्या नियमांत अशा विजेत्याला बढतीसाठी लढायला मिळालं असतं. आता चषक मिळाला, बढतीचं नावही निघालं नाही.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. इंडियन सुपर लीग बंद दाराची लीग म्हणून सुरू झाली, आणि फुटबॉलच्या नव्या रचनेत आपल्याला जागा दिसेना म्हणून २०१६मध्ये गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो असे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. मडगाव-वास्कोच्या मैदानांवर वाढलेल्या प्रेक्षकांनी त्याची किंमत मोजली.

अतलांतेनं जनरल पाहिले, सरकारी खातं पाहिलं, उद्योगपती पाहिले. चार शहरांत घर केलं. तरीही तो उरला, कारण खाली गेलो तर वर येऊ, असा विश्वास त्याच्या लोकांना होता आणि १९७७ व १९९१ साली तो खरा ठरला होता. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला मदतनिधीपेक्षा याच विश्वासाची गरज असते. ताळेबंद तपासावेत, स्टेडियमचे नियम कडक करावेत, त्यात वावगं काहीच नाही. पण जिंकणाऱ्याला वर जाता आलं पाहिजे आणि हरणाऱ्याला खाली. हा निर्णय परवान्यांच्या सौद्यांनी नव्हे, नव्वद मिनिटांच्या खेळानंच व्हायला हवा.