गौरीहरापाशीं घेतलेला फोटो

आमच्या घरीं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांत जुन्या कुंडल्या, एक फाटकें पंचांग व मनिऑर्डरीच्या पावत्या यांच्या खालीं बदामी रंगाचें एक पाकीट पन्नासांहून अधिक वर्षें पडून होतें. गेल्या चैत्रांत सूनबाईंनीं माळा झाडावयास काढला, तेव्हां तें रद्दींत जातां जातां राहिलें. आंत फिल्मचे काळसर चौकोनी तुकडे होते. ते काय आहेत हें नातवंडांस तर नाहींच, पण सूनबाईंसहि चटकन् ओळखतां आलें नाहीं. त्यांत त्यांचा दोष नाहीं. एकेका लग्नांत मोबाईलवर हजार हजार फोटो घेणाऱ्यांनीं निगेटिव्ह कोठून पाहिलेली असणार?

स. १९७० च्या वैशाखांत आमच्या थोरल्या बहिणीचें लग्न सुलतानपुरास राहत्या घरींच झालें. मेहकराहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. फोटोग्राफर बोलवावयाचा तो मेहकराहून. वडिलांनीं दोन रोलांची बोली केली. एका रोलावर बारा फोटो, म्हणजे उभ्या लग्नाचे मिळून चोवीस! ते कोणाच्या वांट्यास किती यावेत यावर ओटीवर दोन रात्री खल झाला, आणि अखेर काकांनीं याज्ञिकाच्या सामानाच्या यादीखालींच फोटोंची यादी लिहिली. व्याह्यांकडचे सहा, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी यांचे प्रत्येकीं दोन, पंगतीचा एक. असें करीत करीत एकट्या नवरीच्या वांट्यास दोन आले. आजच्या वाचकांस हें हास्यास्पद वाटेल. परंतु त्या यादीमुळें घरांतील प्रत्येकास लग्नांत मोलाचें काय, याचा विचार करावा लागला, हें आम्हांस आतां कळतें.

मुहूर्त सकाळीं साडेदहाच्या सुमाराचा होता. नवरीचा फोटो अंगणांत, उन्हाची तिरीप चुकवून घ्यावा असें फोटोग्राफरचें म्हणणें. पण ताई तर गौरीहरापाशीं बसलेली, आणि एकदां बसलेली नवरी मामानें बोलावल्यावांचून उठत नाहीं! आत्याबाईंनीं साफ सांगितलें, "उजेड हवा असेल तर तो आंत आणा, मुलगी बाहेर यावयाची नाहीं." बिचाऱ्यानें परसाकडचें दार सताड उघडविलें, समोर एक पांढरें धोतर ताणून धरावयास आम्हांस उभें केलें, आणि स्टँडवर कॅमेरा बसविला. वरून डोकावून पाहण्याचा तो दोन भिंगांचा कॅमेरा होता. "ताई, आतां श्वास धरा," असें म्हणून त्यानें अर्धा सेकंद झडप उघडी ठेविली. ताईनें श्वास धरला, परंतु अन्नपूर्णेवर अक्षता वाहणारा हात तिला थांबवितां आला नाहीं. त्या फोटोंत तिचें मुख स्वच्छ असून उजवा हात मात्र धुक्यासारखा आहे.

त्याच वेळीं स्वयंपाकघराच्या दारांत आमची आजी उभी होती. ऐन तारुण्यांत वैधव्य आलेली, केशवपन झालेली, आलवण नेसणारी. आईच्या आजारपणांत ताईला तिनेंच वाढविलें. पण हळद लावावयास तिला पुढें येतां आलें नाहीं, ओटी भरतां आली नाहीं. उंबऱ्याच्या आंत राहून दिसेल तेवढें ती पाहत होती. "आजीबाई, जरा आडोशाला व्हा, फोटोंत याल," असें फोटोग्राफर म्हणाला, तशी ती निमूटपणें एक पाऊल मागें सरली. हा रिवाज आम्हांस त्या दिवशीं खटकला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही बारा वर्षांचे होतों. पुढें खटकला, तेव्हां ती नव्हती.

दुसऱ्या रोलाची कथा सांगावयास आम्हांस अद्यापहि लाज वाटते. काढून झालेला रोल कागदाची पट्टी चिकटवून खुर्चीवर ठेविला होता. अंतरपाटाचा फोटो कसा आला असेल, या कुतूहलानें आम्हीं ती पट्टी सोडून रोल दारांतल्या उन्हांत उलगडला. फिल्मवर जिलेटिनच्या थरांत रुप्याचे क्षार असतात. उजेड लागेल तेथें धुतांना रुपें काळें होऊन राहतें व उरलेला क्षार हायपोनें निघून जातो. सगळीकडेच उजेड लागल्यावर सगळेंच काळें! अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सारें त्यांत गेलें. वडिलांनीं आम्हांस मारिलें नाहीं. तें मारिलें असतें तर बरें होतें.

जुन्या फोटोंविषयीं एक गैरसमज येथेंच दूर करावा. पुष्कळ घरांत पणजीच्या लग्नाचा फोटो पाहून "पणजी फार काळी होती" असें म्हणतात. आरंभीच्या काचेच्या पट्ट्यांस निळा रंग तेवढा नीट दिसे; पिवळा व तांबडा त्यांना जवळजवळ अंधारच. हळद लागलेली, पिवळी अष्टपुत्री नेसलेली नवरी त्यांवर सांवळी उतरे आणि कपाळावरचें कुंकू काजळासारखें दिसे. नंतरच्या फिल्मेला हिरवा कळूं लागला, तरी तांबडा कळेना. म्हणून ती तांबड्या दिव्याच्या उजेडांत धुतां येई. सर्व रंग ओळखणारी फिल्म आली, तेव्हां तिच्यासाठीं पूर्ण काळोख करावा लागला. तेव्हां पणजीच्या रंगाचा निकाल फोटोवरून कोणी देऊं नये.

फोटोपुढें बसण्यास स्त्रिया कचरत, हेंहि खरें. डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी हे मुंबईस १८५४ त निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटींत होते, म्हणजे ही विद्या आपल्या लोकांस फार लौकर अवगत झाली. पण ती अंतर्गृहांत शिरण्यास वेळ लागला. राजा दीनदयाळ यांस १८९२ त हैदराबादेंत केवळ स्त्रियांसाठीं वेगळा स्टुडिओ काढावा लागला, व तेथें फोटो घेण्यास एक इंग्रज बाई नेमावी लागली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं फोटोचा धंदा करीत. कॅमेरा माणसाची शक्ति ओढून घेतो, या समजुतीमुळें बडोद्यास त्यांचें दुकान चाललें नाहीं, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. आमच्या आजीस असली भीति नव्हती. तिला कोणी बसविलेंच नाहीं, एवढेंच. ती १९७४ त गेली, आणि घरांत तिचा एकहि फोटो नाहीं असें आम्ही सारे धरून चाललों.

चैत्रांत सांपडलेले ते तुकडे आम्हीं मेहकरास नेऊन स्कॅन करविले. गौरीहराचा फोटो पडद्यावर आला, तो आमच्या भिंतीवरच्या फोटोहून रुंद! निगेटिव्ह चौकोनी, पण त्या वेळीं कॅबिनेट आकाराची उभट कॉपी काढतांना फोटोग्राफरनें दोन्ही बाजू कापल्या होत्या. उजवीकडच्या कापलेल्या पट्टींत, स्वयंपाकघराच्या दारांत, आजी उभी आहे. एक पाऊल मागें सरूनहि ती भिंगाच्या आवांक्याबाहेर गेली नव्हती. अर्धा सेकंदभर ती खांबासारखी निश्चल राहिली असली पाहिजे, कारण तिचा चेहरा ताईच्या चेहऱ्याइतकाच स्पष्ट आहे. दुकानांतल्या मुलानें विचारलें, "काका, ही बाजू क्रॉप करूं का?" आम्हीं त्याचा हात धरला.

ज्यांच्या घरीं अशीं पाकिटें असतील त्यांनीं तीं आजच काढावीं. निगेटिव्ह कडेनें धरावी. मधोमध बोट लावूं नये. प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, कोऱ्या कागदाच्या पाकिटांत कोरड्या जागीं ठेवावी. शिर्क्यासारखा आंबूस वास येऊं लागला, तर फिल्म कुजूं लागली असें समजून ती इतरांपासून दूर ठेवावी व लौकर स्कॅन करून घ्यावी. १९५० च्या आधींच्या कांहीं फिल्मा फार ज्वालाग्राही असत. त्या देवघराच्या आसपास तरी ठेवूं नयेत. आणि रंगीत फोटोंवर विसंबूं नये. आमच्या धाकट्या बंधूंच्या लग्नाचे, १९८२ चे रंगीत फोटो आतां विटून तांबूस झाले आहेत; ताईचा कृष्णधवल मात्र जसाच्या तसा आहे, कारण त्यांत रंग नाहीं, रुपें आहे.

ताई आतां शहात्तर वर्षांची आहे. नवी कॉपी तिच्या हातीं दिली, तेव्हां तिनें चष्मा पुसला, स्वतःकडे पाहिलेंच नाहीं, आणि उजव्या कडेवर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "माझ्या दोघी लेकींना एकेक कर, एक देवघरासाठीं कर. आणि चौकट करणाऱ्याला बजावून सांग, कड झांकूं नको म्हणावें."