इन्शुलीन व मधुमेह

इन्शुलीन हे अग्निपिंडात तयार होणारे आणि रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण नियंत्रित करणारे प्रथिन हॉर्मोन होय. जठरामागील अग्निपिंडाचा बहुतेक भाग पाचक रस स्रवतो. त्यात विखुरलेल्या कोशिकासमूहांचे वर्णन पाउल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये केले; हे समूह ‘लँगरहॅन्स द्वीपके’ या नावाने ओळखले जातात. १८८९ मध्ये मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी अग्निपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह झाल्याचे दाखविले. टोराँटो विद्यापीठात मक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ मध्ये अग्निपिंडाचा गुणकारी अर्क मिळविला व कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये तो लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास टोचण्यात आला. त्यानंतर तो मुलगा १३ वर्षे जगला.

निर्मिती व स्रवण : इन्शुलीन द्वीपकांतील बीटा कोशिकांत तयार होते. प्रथम प्रोइन्शुलीन ही एकच लांब साखळी बनते, असे स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखविले. तिच्यातील सी-पेप्टाइड हा मधला भाग तुटून वेगळा झाला म्हणजे २१ व ३० ॲमिनो अम्लांच्या, गंधकबंधांनी जोडलेल्या दोन साखळ्यांचे इन्शुलीन उरते व ते सूक्ष्म कणिकांत साठते. रक्तातील ग्लुकोज वाढल्यास ते बीटा कोशिकेत शिरते व त्याच्या ज्वलनातून एटीपी हे ऊर्जावाहक संयुग वाढते. त्यामुळे कोशिकेच्या पटलातील पोटॅशियमाचे मार्ग बंद होऊन कॅल्शियम आत येते आणि कणिकांतील इन्शुलीन रक्तात सोडले जाते. त्याबरोबर सी-पेप्टाइडही तेवढ्याच प्रमाणात बाहेर पडते. म्हणून बाहेरून इन्शुलीन घेणाऱ्या रोग्याचे स्वतःचे उत्पादन किती उरले आहे, हे सी-पेप्टाइड मोजून कळते.

मधुमेहाची कारणे : पहिल्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच बीटा कोशिकांचा नाश करते. रक्तातील प्रतिपिंडांवरून ही प्रक्रिया लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी ओळखता येते. अधिक आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात यकृत, स्नायू व मेद ऊतके इन्शुलिनास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. प्रारंभी बीटा कोशिका जादा इन्शुलीन स्रवून ही उणीव भरून काढतात. ही क्षमता खालावली म्हणजे रक्तशर्करा वाढते. आनुवंशिकता, स्थूलता व व्यायामाचा अभाव ही त्यास पोषक कारणे होत.

टोचलेले इन्शुलीन शरीरातील उणीव भरून काढते. बीटा कोशिकांचा नाश थांबवीत नाही. पहिल्या प्रकारचा प्रारंभ लांबविणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. यामुळे मूळ कारणावरच उपचार करण्याची दिशा खुली झाली आहे.