सायकलीवरून रेल्वेच्या डब्यात

डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाले, ते काश्मीरकडे. कुष्ठरुग्णांसाठी झटणारे, सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे सोबत होते, पण गाडीत आडवे. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना धड बसताही येत नसे. हे 'भारत जोडो' अभियान घडलं तेव्हा पंजाब पेटलेला होता आणि 1984 च्या दिल्लीतल्या कत्तलीला जेमतेम वर्ष उलटलं होतं. पुढे 1988 मध्ये इटानगरहून ओखापर्यंत दुसरी फेरी निघाली.

या मुलांना नेतृत्वाचे धडे कुणी वर्ग भरवून दिले नाहीत. एवढ्या सायकली म्हटल्यावर पंक्चर आलंच, आजारपण आलं, रुसवेफुगवे आले आणि रोज संध्याकाळी नव्या गावात, न कळणाऱ्या भाषेत, पाणी मागणं आलं. त्याची तयारी सोमनाथला होत होती. चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाजवळच्या या सोमनाथला, 1967 पासून बाबांनी श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. विदर्भातला मे महिना, सकाळी कुदळ-फावडं, दुपारी चर्चा. शहरातलं पोर पहिल्याच दिवशी हाताला फोड आणायचं. शेजारी तितक्याच जोमानं माती टाकणारा माणूस कुष्ठरोगातून बरा झालेला आहे, हे कळलं की तळव्याचं कौतुक आपोआप संपायचं. माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सर्वांत कसदार भाग हाच.

सायकलीची जागा रेल्वेनं घेतली ती 1993 मध्ये. बाबरी पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या, आणि गांधीवादी कार्यकर्ते एस. एन. सुब्बराव यांनी सद्भावना रेल्वेयात्रा काढली. गाडी स्टेशनात थांबायची आणि मुलं सायकली घेऊन गावात फेरी काढायची. खादीची अर्धी चड्डी घालणारे हे 'भाईजी' चंबळच्या दरोडेखोरांच्या 1972 मधल्या शरणागतीसाठी जौऱ्याला राबलेले, त्यामुळे माणसं एकत्र बसवण्याचा हातखंडा त्यांचा जुना. त्यांच्या बालमेळाव्यांत मुलांना वसतिगृहात न ठेवता यजमान कुटुंबांत ठेवत. तामिळ पोर मराठी घरात जेवणार, तेही मांडीला मांडी लावून. प्रांताप्रांतांतली माणसं जोडू पाहणाऱ्या साने गुरुजींच्या आंतरभारतीशी याचं नातं उघड आहे.

2008 पासूनची जागृती यात्रा मात्र वेगळ्या हवेत जन्मली. दंगलीची जखम नव्हे, तर रोजगाराची चिंता. शशांक मणी यांच्या पुढाकारानं दरवर्षी मुंबईहून खास गाडी सुटते, पंधरा दिवसांत सुमारे आठ हजार किलोमीटर फिरते. विशीतले साडेचारशे-पाचशे यात्री. झोपणं, जेवणं, वादावादी डब्यातच. खाली उतरायचं ते मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय, राजस्थानातलं तिलोनिया अशा ठिकाणी. कमी पैशांत मोठं काम कसं उभं राहिलं हे पाहायचं, त्यावर गटानं डोकं चालवायचं. देवरिया जिल्ह्यातल्या बरपार गावी तर यात्री स्वतःच एखाद्या धंद्याचा आराखडा मांडतात.

सायकल अभियान आणि जागृती यात्रा यांची तुलना करताना जुन्याचे गोडवे गाण्याचा मोह मी आवरतो. सायकलवाल्यांच्या मागे कार्यालय नव्हतं. अभियान संपलं की मुलं पांगली, बाबाही 1990 मध्ये नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. जागृतीनं बरपारला उद्योगकेंद्र उभं केलं, परतलेल्या मुलांना कुठं विचारायचं ते ठाऊक असतं. पण एका बाबतीत सायकल सरस होती. पाच हजार किलोमीटर पायडल मारणाऱ्याला देश दिसे तो ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगानं, चहाच्या टपऱ्यांसकट. रात्रभर धावणाऱ्या गाडीत सकाळी पडदा सरकवला की दुसरंच राज्य असतं, आणि मधल्या गावांशी गाठ पडत नाही. शिवाय जागृतीत अर्ज भरून, निबंध लिहून निवड होते म्हटल्यावर, ज्याला अर्ज भरायला सांगणारंच कुणी नाही तो फलाटावरच राहतो. शिष्यवृत्त्यांनी यात्रेच्या फीचा प्रश्न सुटतो, हा नाही. त्यासाठी माणूस त्याच्या गावात जायला लागतो, भाईजी जात तसा.